आखाड्यातले सवाल-जवाब : गाव कोणतं अन झेंडा कोणाचा

गेल्या अंकात टोकियो ऑलिम्पिकच्या ५७ किलोच्या फायनलवर लिहिताना एक वाक्य टाकलं होतं, की रवी दहिया ज्याच्याकडून ७-४ ने हरला तो झावूर उगुएव्ह रशियाकडून खेळला खरा पण तो रशियन नाही, दागेस्तानमधल्या खासाव्युर्तचा कुमिक आहे, मुसलमान आहे. बस एवढंच. त्यावर इतके मेसेज आले की खुराक, गुडघेदुखी, मॅटचे नवे नियम वगैरे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून यावेळी सगळी जागा कॉकेशसलाच, म्हणजे काळ्या अन कॅस्पियन समुद्राच्या मधल्या त्या डोंगराळ मुलखालाच द्यावी लागली.

आप्पा, एमएमएवाल्या (मिश्र मार्शल आर्ट) खबीबमुळे आमच्या हॉस्टेलच्या पोरांना दागेस्तान माहीत झालं. पण ते नेमकं आहे काय? देश, जात, का मुसलमानांचा एखादा पंथ? अन तिथे घरटी पैलवान कसा काय निघतो?
(कॉलेजचा विद्यार्थी, जळगाव)

देश नाही, जात नाही, पंथ तर नाहीच नाही. रशियाच्या आतलं एक प्रजासत्ताक आहे, एका अंगाला कॅस्पियन समुद्र अन दुसऱ्या अंगाला कॉकेशसचे डोंगर. लोकसंख्या तीस लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्यापेक्षा कमी, अन तेवढ्यात तीसेक वेगवेगळे समाज, अवार, दार्गिन, कुमिक, लेझगिन, लाक, तबासरान, नोगाई, चेचेन अशी यादी वाढतच जाते. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नाही. अवार बोलायला लागला तर कुमिक नुसता तोंडाकडे बघत राहील, कारण कुमिक तुर्की कुळातली भाषा अन अवार डोंगरातली वेगळीच, मग बाजारात दोघं रशियन बोलून काम भागवतात. धर्म बहुतेकांचा एकच, सुन्नी, त्यातही शाफी परंपरा अन सुफी तरिके मानणारे भरपूर. आता सगळेच मुसलमान म्हटल्यावर "तू मुसलमान का" या प्रश्नाला तिथे काही अर्थच उरत नाही ना. तिथे विचारतात तुझे लोक कोण, अन त्याच्याही आधी, गाव कोणतं.

खबीबचंच घे. टीव्हीवर त्याच्या नावापुढे रशिया यायचं, तो स्वतः त्सुमादा भागातल्या सिल्दी गावचा अवार. त्याच्या मागून आलेला इस्लाम माखाचेव्ह लाक आहे. आपल्याला दोघंही दागेस्तानी, तिथल्या माणसाला दोघांचे डोंगर वेगळे. अन ती डोक्यावरची लोकरीची मोठी टोपी, पापाखा, तिला बरेच जण धार्मिक टोपी समजतात, पण ती डोंगरी माणसाच्या इज्जतीची टोपी आहे, कॉकेशसमधले ख्रिश्चनसुद्धा घालतात.

आता घरटी पैलवानाचं. कुस्ती तिथे जुनीच. नांगरणीच्या सुरुवातीला डोंगरातल्या गावांत सण असतो, त्या दिवशी बैल जुंपून मानाचं पहिलं तास काढतात, मग शर्यती, मग दगड उचलणं, मग कुस्त्या. पण नुसत्या जत्रेतून ऑलिम्पिकची मेडलं येत नाहीत, तसं असतं तर आपल्या खान्देशात आखाजीपासून दत्तजयंतीपर्यंत एवढ्या कुस्त्यांच्या दंगली होतात, आपण कुठे असतो! खरा फरक पाडला सोव्हिएत सरकारने. छोट्या छोट्या गावांपर्यंत क्रीडाशाळा, तिथे मॅट, अन मॅटवर सरकारी पगाराचा कोच. अली अलीयेव्ह नावाचा अवार पैलवान त्यातूनच वर आला, १९५९ ते १९६७ मध्ये पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन, ऑलिम्पिकने मात्र त्याला कधी हात दिला नाही. दागेस्तानचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड १९७२ ला म्युनिकमध्ये झगालाव अब्दुलबेकोव्हने आणलं. अन पुढचं १९७६ चं गोल्ड कोणाचं? व्लादिमीर युमिन, जन्माने पक्का रशियन माणूस, पण राहणं, शिकणं सगळं दागेस्तानात, त्यामुळे तिथे त्याला परका कोणी म्हणत नाही.

याच सरकारने आणखी एक उद्योग केला. सोव्हिएत पासपोर्टवर प्रत्येकाची 'राष्ट्रीयता' लिहिलेली असायची, अवार, लेझगिन, चेचेन, जो काय असेल तो. म्हणजे बाहेर खेळताना छातीवर सोव्हिएत संघ अन खिशातल्या कागदावर अवार. पासपोर्टवरची ती ओळ १९९७ मध्ये गेली, लोकांच्या डोक्यातून काही गेली नाही.

सोव्हिएत संघ फुटला, कारखाने बंद पडले, कामं गेली. हॉल अन वस्ताद तेवढे राहिले. शेजारी चेचन्यात लढाई पेटलेली, पोरगं बंदुकीच्या नाहीतर नशेच्या नादी लागू नये म्हणून आईबाप त्याला सात-आठ वर्षांचा असतानाच हॉलमध्ये नेऊन सोडायचे. एकट्या खासाव्युर्तने, जे आपल्या भुसावळपेक्षाही लहान आहे, ऑलिम्पिकची किती गोल्ड दिली बघ : सैतिएव्ह भाऊ, मावलेत बातिरोव्ह, उगुएव्ह, शिवाय दुसऱ्या देशांकडून जिंकलेले वेगळेच. तिथे एका मॅटवर चेचेन, अवार अन कुमिक पोरं एकमेकांच्या माना दाबत मोठी होतात, अन रोजच्या सरावालाच तुल्यबळ जोड मिळते. माझ्या मते ताकदीचं खरं गुपित तेच आहे, रक्तबिक्त काही नाही.

भाऊ, या दागेस्ताननां पोऱ्हे काय खातस?
(शिरपूरहून एक पैलवान)

मांस खातस, आखो काय! गमतीचं राहू दे. खिंकाल नावाचा प्रकार असतो, मांसाच्या रश्शात उकडलेले कणकेचे जाड तुकडे, सोबत उकडलेलं मांस अन लसणाची झणझणीत चटणी. हिवाळ्यासाठी वाळवलेलं मांस, चीज. अन जवस किंवा जर्दाळूच्या बिया दगडी जात्यावर अगदी तेल सुटेपर्यंत वाटून मधात कालवतात, त्याला उर्बेच म्हणतात. जवस तुझ्या घरात पण आहे.

पण खुराकाच्या गप्पांत एक गोष्ट लपवायची नाही. शेजारच्या उत्तर ओसेशियाचा अर्तुर तायमाझोव्ह, उझबेकिस्तानकडून खेळायचा, त्याची २००८ अन २०१२ ची दोन्ही ऑलिम्पिक गोल्ड जुने नमुने पुन्हा तपासल्यावर डोपिंगमुळे काढून घेतली. सगळीकडे नुसतं दूध-तूपच चालतं असं समजू नको.

खाशाबा जाधव हेलसिंकीला ज्या 'रशियाच्या रशीद'कडून हरले तो कोण होता? आमच्या वडिलांच्या तोंडी हे नाव फार असायचं.
(निवृत्त शिक्षक, धुळे)

नाना, वडिलांनी नाव बरोबर सांगितलं, तो रशियन तेवढा नव्हता. रशीद ममादबेयोव्ह, अझरबैजानचा. अझरबैजान तेव्हा सोव्हिएत संघातलं एक प्रजासत्ताक, अन सोव्हिएत संघ स्वतः १९५२ ला पहिल्यांदाच ऑलिम्पिकला उतरलेला. बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये जपानच्या इशीला गोल्ड, रशीदला सिल्व्हर अन आपल्या खाशाबांना ब्राँझ. इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना रशीदसमोर उभं केलं, मधे नियमाप्रमाणे विश्रांती द्यायला हवी होती पण भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, हे तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. गोळेश्वरच्या मातीत तयार झालेला पैलवान, त्यात मॅटची सवय नाही, अन दमलेला.

ममादबेयोव्हची मुळं बघितली तर आपल्याला फार लांबची वाटणार नाहीत. अझरबैजानी लोक तुर्की भाषा बोलणारे अन बहुतेक शिया, त्यांच्या कुस्तीवर इराणची छाप. मुगदल फिरवायच्या, जोर मारायच्या जोरखान्याची परंपरा तिथेही होती. मैदानातल्या कुस्तीला झुर्ना (सनईसारखं वाद्य) अन नगारा वाजतो, पैलवान आधी त्या तालावर मैदानभर फिरतात, हात फिरवतात, मग भिडतात. आपल्या दंगलीत हलगी कडाडल्याशिवाय शड्डू बसत नाही, तसंच. तर नाना, १९५२ ला महाराष्ट्राच्या मातीतला पैलवान कॉकेशसच्या पैलवानाशी भिडला होता अन आपल्या पेपरांना तो फक्त 'रशिया' दिसला, सोव्हिएत झेंड्याखाली कोण कोण होतं हे बाहेर कोणाला कळायचंच नाही.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बहारीनचा चॅम्पियन दागेस्तानी, बल्गेरियाचा दागेस्तानी, उझबेकिस्तानचाही तिकडचाच. हे पैलवान विकले जातात का? यांना देशाभिमान नसतो का?
(चाळीसगाव)

प्रश्नात राग दिसतोय. आधी नावं बघू. २०२४ पॅरिस, ९७ किलो, बहारीनचा अहमद ताजुद्दिनोव्ह. ८६ किलो, बल्गेरियाचा मॅगोमेद रमझानोव्ह, ज्याने फायनलला इराणच्या हसन यझदानीला हरवलं. ७४ किलो, उझबेकिस्तानचा राझांबेक जमालोव्ह, हा चेचेन. शिवाय अल्बानियाला इस्लाम दुदाएव्ह अन चेर्मेन वालिएव्हने ब्राँझ आणून दिलं, यातला वालिएव्ह ओसेशियाचा. ज्या रशियात हे सगळे घडले त्याचा मात्र एकही पैलवान पॅरिसला नव्हता. युक्रेनवर हल्ला केल्यामुळे झेंड्याशिवाय खेळायची अट होती, ती त्यांच्या फेडरेशनने नाकारली अन सगळी टीम घरी बसली.

पण झेंडे बदलणं हे काही २०२२ नंतर सुरू झालं नाही, त्यामागचं गणित फार जुनं आहे. एका वजनगटात देशाकडून एकच पैलवान जातो. आता ७४ किलोला दागेस्तानात दहा जण असे आहेत की कोणत्याही दुसऱ्या देशाचे नंबर एक झाले असते, त्यांनी करायचं काय? तीन ऑलिम्पिक गोल्डवाल्या बुवायसार सैतिएव्हच्या सावलीत बसून म्हातारं व्हायचं? खासाव्युर्तचा चेचेन पोरगा २००८ ला बीजिंगमध्ये रमझान शाहीन नावाने तुर्कस्तानकडून गोल्ड घेऊन गेला. दागेस्तानचा अवार शरीफ शरीफोव्ह २०१२ ला अझरबैजानकडून जिंकला. अन हे सगळं अगदीच परक्या घरी जाणं पण नाही, एकोणिसाव्या शतकात झारच्या फौजांनी कॉकेशस जिंकला तेव्हा लाखो लोक तुर्कस्तानात पळाले, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे आहेत, अन अझरबैजानच्या उत्तरेला अवारांची आख्खी गावं आहेत. बहारीनचं तसं नाही, तिथे सरळ पैसा आहे, नाही कशाला म्हणायचं.

पैलवान विकला गेला का, तर माझं मत स्पष्ट सांगतो, नाही. त्याने पासपोर्ट बदलला, वस्ताद, गाव, भाषा काहीच बदललं नाही. जिंकून दागेस्तानच्या राजधानीत, मखाचकलाच्या विमानतळावर उतरला की गावची पोरं लेझगिंका नाचत न्यायला येतात अन छातीवर बहारीन लिहिलंय का बल्गेरिया हे कोणी बघत नाही. २०२३ च्या बेलग्रेड वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये याच ताजुद्दिनोव्हसमोर अब्दुलरशीद सादुलाएव्ह आला, दोन ऑलिम्पिक गोल्डवाला, ज्याला 'रशियन टँक' म्हणतात. सादुलाएव्हला मानेच्या दुखापतीने कुस्ती सोडावी लागली अन पोरगं पुढे गेलं. कागदावर बहारीन विरुद्ध रशियाचा माणूस, प्रत्यक्षात दोघं दागेस्तानचे. त्या दिवशी तिथल्या घरांत कोणाचा देशाभिमान मोजायचा, तूच सांग.

अन आपल्या जत्रेत जोड लागते तेव्हा लाऊडस्पीकरवाला काय ओरडतो ते आठव. आधी गाव, मग तालुका, मग वस्तादाचं नाव, मग पैलवानाचं. तुमच्याच तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा मिरवणुकीत नाव महाराष्ट्राचं जास्त घेतलं होतं का सायगाव बगळीचं?

मी तडवी आहे. कॉलेजात मित्र विचारतात तू आदिवासी का मुसलमान, एक काय ते सांग. तिकडच्या पैलवानांना पण हे असं विचारतात का? अन धर्म एक असल्यावर ते एकमेकांविरुद्ध कसे लढतात?
(यावल तालुका)

विचारतात रे भाऊ, अन तिथे तर हा प्रश्न लोकांना फार महागात पडलाय. तू दोन्ही आहेस, मित्रांना सांग की उत्तर एकाच शब्दात द्यायला ही काही ऑब्जेक्टिव्ह परीक्षा नाही.

बुवायसार सैतिएव्हची गोष्ट सांगतो, कारण यात सगळं येतं. १९७५ ला खासाव्युर्तमध्ये जन्म, दागेस्तानमधला चेचेन. त्याच्या लोकांना स्टालिनने २३ फेब्रुवारी १९४४ ला मालगाड्यांत कोंबून कझाकस्तान-किर्गिझियाकडे हाकललं, चेचेन अन इंगुश मिळून पाच लाखांच्या घरात माणसं, थंडीचे दिवस, रस्त्यातच कितीतरी मेले. दागेस्तानमधल्या चेचेनांची गावं रिकामी झाली, तिथे सरकारने डोंगरातल्या लाक लोकांना आणून बसवलं, अन १९५७ नंतर चेचेन परत आले तेव्हा त्यांच्या घरात दुसऱ्यांचे संसार. म्हणून कितीतरी चेचेन खासाव्युर्तला अन आजूबाजूला राहिले, त्या गावांचं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. आता बघ, बळकावलेले अन हाकललेले असे सरळ दोन पक्ष इथे करता येत नाहीत, कारण लाकांनाही डोंगरातून जबरदस्तीनेच उतरवलं होतं, अन दोघंही सुन्नी मुसलमान.

तर हा पोरगा शिकायला गेला पार सायबेरियात, क्रास्नोयार्स्कला, कोच द्मित्री मिंदियाश्विली, म्हणजे जॉर्जियन माणूस. १९९६ च्या उन्हाळ्यात अटलांटाला २१ वर्षांचा सैतिएव्ह ७४ किलोत गोल्ड जिंकतो, वर रशियाचा झेंडा, रशियाचं राष्ट्रगीत, अन त्याच वेळी रशियाची फौज चेचन्यात लढतेय, ग्रोझनी शहर बेचिराख झालेलं. त्याच ऑगस्टच्या ३१ तारखेला लढाई थांबवायचा करार झाला, तो कुठे, तर त्याच्याच खासाव्युर्तमध्ये. त्याला एक काय ते सांग म्हटलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं? चेचेन, दागेस्तानी, मुसलमान, रशियाचा चॅम्पियन, जॉर्जियन वस्तादाचा शागीर्द, यातलं खोटं कोणतंच नाही. पुढे २००४ अन २००८ ला पण गोल्ड, सहा वर्ल्ड टायटल. मार्च २०२५ मध्ये गेला, पन्नाशीही पूर्ण नव्हती, अन त्याच्यासाठी चेचेनही रडले, अवारही रडले.

एकमेकांविरुद्ध लढण्याचं म्हणशील तर रशियाच्या नॅशनलसारखी चुरस वर्ल्ड चॅम्पियनशिपला नसते असं कुस्तीवाले म्हणतात. त्यातली सगळ्यात मोठी टक्कर दागेस्तान अन ओसेशिया, अन ओसेशियन बहुतेक ख्रिश्चन आहेत, तरी त्या टकरीला धर्मयुद्धाचा रंग कोणी देत नाही, वस्ताद एकमेकांना ओळखून असतात. भडका उडाला तो भलतीकडेच. २०१६ ला सायबेरियातल्या याकुत्स्कच्या नॅशनलमध्ये स्थानिक याकूत पैलवान विक्टर लेबेदेव्ह अन कॉकेशसमधल्या बाल्कर समाजाचा इस्माईल मुसुकाएव्ह यांच्या कुस्तीचा निकाल वादात सापडला, मग कॉकेशसवाले सगळे एक झाले, हॉलमध्ये हाणामारी झाली. पंचाने निकाल फिरवल्यासारखा वाटला की लोकांना आपापली जमात आठवते, त्याला कॉकेशसच लागतं असं नाही, आपल्या तालुक्याला पण बघितलंय. मुसुकाएव्ह नंतर हंगेरीकडून खेळायला लागला.

अन आपल्याकडे काय वेगळं आहे? धुळे, मालेगाव, बुऱ्हाणपूरचे मुसलमान पैलवान आपल्या जत्रांत येतात, मातीला हात लावून कपाळाला लावतात, कुस्ती निकाली झाली तर फेटा बांधून घेतात, रमजान असेल तर त्या महिन्यात येत नाहीत. तुझा आखाडा चालू असेल तर सोडू नको.

तिकडे मुली खेळतात का?
(बारावीची विद्यार्थिनी, नंदुरबार)

ताई, डोंगरातल्या गावांत फार कमी, घरचेच नको म्हणतात अन वस्तादही फारसे उत्साही नसतात. अझरबैजानची स्टार पैलवान मारिया स्तादनिक, २०१२ अन २०१६ ला सिल्व्हर, टोकियोला ब्राँझ, पण ती जन्मली युक्रेनच्या ल्विव्हला, आधी ती युक्रेनकडून खेळायची. म्हणजे पोरांच्या बाबतीत कॉकेशस जगाला पैलवान पुरवतं अन मुलींच्या बाबतीत बाहेरून आणावी लागते. मला विचारशील तर यात त्यांचंच नुकसान आहे, एवढे हॉल, एवढे कोच, अन निम्मी पोरं बाहेर उभी.

यातल्या कोणाच्या कुस्त्या मोबाईलवर बघाव्या? आमचे वस्ताद म्हणतात मॅटवाल्यांकडून शिकण्यासारखं काही नाही.
(अमळनेर)

वस्तादांना मान देऊन सांगतो, सैतिएव्ह बघ. उंच, सडपातळ, बघितला तर पैलवान वाटायचा नाही. खांदे सैल, हात खाली सोडलेले, समोरच्याला वाटतं आता धरला. त्याला मुद्दाम अंगाशी येऊ देतो, मनगट नाहीतर दंड हातात आला की वरच्या अंगाने खेळवत राहतो अन खालून पाय कधी आत शिरला ते कळत नाही, समोरचा ज्या पायावर भार टाकतो नेमका तोच पाय जातो. आपल्याकडे टांग मारताना आधी ताकद लावतात, तो आधी तोल काढून घेतो. व्हिडिओ हळू करून फक्त कमरेखालचं बघ, वरचं बघू नको. नंतर उगुएव्हची टोकियोची फायनल लाव, दहिया एकेरी पटाला शिरतो तेव्हा तो कंबर मागे किती अन कधी नेतो ते बघ. वस्तादांनाही शेजारी बसवून दाखव, दोन शिव्या देतील, पण बघतील.